येसायच्या झोळ्या

हात चालू द्या, कान इकडे द्या. वीज काही आता येत नाही आणि सुपारीच्या अजून दोन टोपल्या सोलायच्या शिल्लक आहेत. दिगू, ती बत्ती जरा पलीकडे सरकव, पाखरं सगळी माझ्याच तोंडावर येतायत. सुचेता, तू कुठे निघालीस? कडेवरचं पोर रडतंय म्हणून? रडू दे गो. बस इथेच. ही गोष्ट रडणाऱ्या पोराचीच आहे.

ऐका.

यात खवीस नाही. उलट्या पायांची बाई नाही, पिंपळावरचा मुंजा नाही. ते तुम्हाला पाठ आहेत. ही गोष्ट एका दमलेल्या बाईची. दमलेल्या माणसाला भूत लवकर भेटतं, हे लक्षात ठेवा. धट्ट्याकट्ट्या माणसाला ते काय देणार? दमलेल्याला काय हवंय ते त्याला बरोबर कळतं.

चार वर्षं झाली. कार्तिकातली अवस होती. हेमांगी आमच्याकडे आली. माझ्या चुलतभावाची मुलगी ती. भाऊ इथे मुरवणे बंदरावर पोस्टात होता. ती दहा वर्षांची असताना त्याची बदली झाली आणि मग ते सगळे पुण्याचेच झाले. आली तेव्हा ती तिशीची. शिकलेली, कॉलेजात शिकवणारी. कडेवर चार महिन्यांची मुलगी. मुलीचं नाव सांगत नाही, रात्रीची वेळ आहे. नवरा दोघींना इथे सोडून कामाला चिपळूणला गेला, परवा न्यायला येणार होता.

पिशवी खाली ठेवली नाही तोच मला म्हणाली, "आत्या, मला फक्त एकदा बागेत जायचंय. बाकी काही नको."

"बाग? अगं, बाग कुठे राहिलीय आता?"

"माहितीय. तरी."

तो 'तरी' असा होता ना, की मी तिची पिशवी उचलली आणि आत नेली.

तुमच्यातल्या निम्म्यांनी ती बाग पाहिलेली नाही, म्हणून आधी बाग सांगते. धक्क्याच्या अलीकडे, उंडीच्या झाडांच्या सावलीत होती. लोखंडी कठडा, दरवर्षी निळा रंग मारायचे त्याला. चार झोपाळे. एक सिमेंटचा हत्ती, त्याच्या सोंडेवरून पोरं घसरायची. हत्तीचा डावा कान मात्र नव्हता. एका कार्ट्यानं दगड मारून फोडला. कोणी ते विचारू नका, तो इथेच बत्तीपाशी बसलाय.

हसतोय बघा! लाज नाही.

मधे चौथरा, चौथऱ्यावर पंचायतीचा रेडिओ. घरोघरी टीव्ही आले तरी तो लागायचाच. आणि सात वाजले की रखवालदार घंटेचे सात टोले द्यायचा, की बाग बंद. हेमांगीला तिचा बाप रोज संध्याकाळी पोस्ट मिटवून तिथे न्यायचा. तिला आठवायचं ते सगळं त्या बागेतलंच. झोपाळ्याच्या साखळीचा हाताला येणारा गंजाचा वास सुद्धा आठवत होता तिला. कधीतरी आपल्याला कोणी मागून झोका दिला होता आणि आपण नुसतं बसलो होतो, एवढंच आठवायचं, आणि तेवढ्यासाठी ती आठ तास गाडीत बसून आली.

आणि बागेत येसाय होती.

येसाय कोळ्यांच्या वाडीतली. म्हातारी, एकटी. संध्याकाळी होड्या लागल्या की धक्क्यावर लिलाव सुरू व्हायचा, आणि बायांना पोरं घेऊन तिथे उभं राहता येत नसे. मग सगळ्यांची तान्ही पोरं येसायकडे. उंडीच्या फांद्यांना जुनेराच्या झोळ्या टांगलेल्या. दहा, पंधरा, कधी वीस. ही मधे बसायची आणि दोऱ्या ओढायची. हाताला दोऱ्या, पायाच्या अंगठ्याला दोऱ्या. एक म्हातारी आणि वीस झोळ्या, सगळ्या हलतायत. मी पाहिलंय ते.

आता तिची रीत ऐका. पोर परत न्यायला बाई आली की येसाय विचारायची, "कुठलं गो तुझं?" तिला माहीत असायचं बरं! पण विचारायची. आणि बाईनं पोराची खोड सांगायची. "ते शेंबडं." "ते चपट्या नाकाचं, बापासारखं." "ते दिवसाला दहा दुपटी भिजवणारं." की येसाय खदखदून हसायची आणि पोर हातात द्यायची. कौतुक करायचं नाही. एखादी नवखी आई चुकून म्हणाली, "ते माझं गोरंगोमटं, शहाणं," की येसाय हात मागे घ्यायची. "शहानी पोरं देवाची गो. खोडीची ती आयची. नीट सांग." खोड ऐकल्याशिवाय पोर मिळायचं नाही. आणि प्रत्येक पोराच्या डाव्या तळपायाला काजळाची तीट लावायची ती. कपाळाला नाही, तळपायाला. म्हणायची, कपालाची कोनीबी पुसतं, तलपाय आयबिगर कोन बघतं?

मग वादळाचं साल आलं. समुद्रानं कठडा नेला, झोपाळे नेले, चौथरा दुभंगला. पोरं सगळी घरोघर सुखरूप होती. येसायही घरात होती. पण मध्येच उठली. म्हणाली, "झोल्या राहिल्यात झाडाला." रिकाम्या झोळ्या गो! जुनेराच्या! त्या सोडायला गेली ती गेलीच. झाडंही मिळाली नाहीत आणि ती पण नाही.

मग डोंगराच्या अंगाने वरची सडक झाली. खालची वाट, ती कातळांमधून बागेकडे उतरणारी, ती तशीच राहिली. तिन्हीसांजेनंतर त्या वाटेनं कोणी जात नाही. का, ते कोणी बोलत नाही. नुसतं जात नाही.

तर हेमांगी. दुपारी चारला पोरगीनं जे रडं धरलं ते सुटेना. पोट शेकलं, हिंग लावला, पाळणा केला, खांद्यावर घेतली. हेमांगीनं फोनवर एक तक्ता केला होता. किती वाजता प्यायली, किती वाजता शी केली, किती वाजता झोपली. झोपेच्या रकान्यात फारसं काही नव्हतंच. प्राध्यापक बाई, तक्ता मात्र सुरेख. मधेच चिपळूणहून नवऱ्याचा फोन आला, "कशी आहे?" हेमांगी पोरीला दुसऱ्या खोलीत माझ्याकडे देऊन दार लोटून म्हणाली, "मस्त! गुणी आहे अगदी." सासूचा फोन आला, तिलाही तेच. गुणी, शहाणी, काही त्रास नाही. आणि फोन ठेवल्यावर दोन मिनिटं तशीच भिंतीला टेकून उभी. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिनं मला नंतर सांगितलं. बाकीच्या सगळ्या आयांना जमतं, पुस्तकं वाचून पेपर काढणारी मी, मला एक चार महिन्यांचं माणूस कळत नाही. आणि आठ दिवसांनी रजा संपते. तेव्हा काय करणार? वर्गात उभ्या उभ्या झोपणार?

तेवढ्यात घरातलं कोणीतरी म्हणालं, "आमच्या वेळी बाई पोरं अशी रडत नसत."

कोण म्हणालं ते शेवटी सांगते.

हेमांगी उठली. पोरीला दुपट्यात गुंडाळलं, पिवळं टोपडं घातलं. "जरा फिरवून आणते."

मी म्हटलं, "तिन्हीसांजा झाल्यात. निदान तीट तरी लाव पोरीला."

"नको आत्या, डॉक्टर काजळ नको म्हणतात."

"बरं. वरच्या सडकेनं जा हो."

"हो," म्हणाली. आणि गेली खालच्या वाटेनं! मुद्दाम नाही. पायच वळले. त्या वाटेनं ती बापाचं बोट धरून हजार वेळा गेलेली. डोकं विसरलं तरी पायांना आठवत होतं.

ऐकताय ना? सुचेता, झोपलं का ते? नाही? बरं.

वाटेवर अंधार व्हायला लागला होता. फोनची बॅटरी लावली हिनं. पोरगी छातीशी, रडणं चालूच. कातळांतून तो आवाज दुप्पट होऊन परत येत होता. पहिलं वळण. दुसरं वळण. आणि तिसऱ्या वळणावर पोरगी एकदम गप्प झाली.

एकदम! हुंदका नाही, उचकी नाही. हिनं घाबरून टोपडं बाजूला केलं, नाकाखाली बोट धरलं. श्वास चालू होता. डोळे मिटलेले. झोपली होती! हेमांगी तिथेच उभी राहिली, पाऊल टाकायलाही भ्यायली. तुम्हाला ठाऊक आहे ना ते? पोर झोपल्यावर कुकरची शिट्टी सुद्धा दुष्मन वाटते. तिला वाटलं, चला, चाललो की झोपते, तर चालूया. म्हणून ती पुढे गेली. मागे फिरायला हवं होतं. पण मागे घर, घरात दिवे, माणसं, आवाज. पोर उठली असती.

मग रेडिओ ऐकू आला.

बारीक. वाऱ्याबरोबर येणारा, जाणारा. बाजारभाव सांगत होता कोणीतरी. हिला वाटलं, वाडीत कोणाच्या तरी घरी लागलाय. आता बाजारभाव रेडिओवर कोण ऐकतं, हा प्रश्न शिकलेल्या माणसाला पडायला हवा. पडला. पण दमलेल्या माणसाला प्रश्न पडतात आणि उत्तरं नको असतात.

वाट संपली. आणि समोर बाग.

आख्खी बाग! कठडा निळा, नुकता रंगवल्यासारखा. चार झोपाळे. चौथऱ्यावर पिवळा दिवा. उंडीची झाडं, पानं चमकतायत. आणि हत्ती. हत्तीला दोन्ही कान!

दिगू, ऐकलंस? दोन्ही कान.

हेमांगीनं ते पाहिलं. तिला माहीत होतं कान तुटलेला होता. तिच्या डोळ्यांदेखत तुटला होता. पण तिनं स्वतःलाच समजावलं. चार महिने झोप नाही, झोप नसली की माणसाला नाही ते दिसतं, असं तिनं कुठेतरी वाचलं होतं. फोनवर शोधून बघावं म्हटलं, तर फोनला रेंज नव्हती. मग तिनं काय केलं? फोन खिशात ठेवला आणि आत गेली. म्हणाली, भास तर भास. पण बसायला तर मिळेल.

झोपाळ्यावर बसली. पाट गरम होता. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखा. साखळीला हात लावला, हाताला तोच गंजाचा वास. आणि झोपाळा हलला. मागून कोणी अगदी हळू झोका दिला, पोराला देतात तसा. तिनं मागे वळून पाहिलं नाही. का पाहिलं नाहीस म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "आत्या, चार महिन्यांत मला कोणी झोका दिला नव्हता."

आणि मग आवाज आला.

"आलीस गो हेमे?"

समोर झाडाखाली येसाय. तेच पांढरं लुगडं, तोच पसरलेला पाय, अंगठ्याला दोरी. वरती झोळ्या. हलतायत. सगळ्या हलतायत.

"केवडी दमलीस गो. आन ते पोर हिकडं. वायच टेक."

ऐका हां. भुतं ओरबाडतात, रक्त मागतात असं तुम्ही ऐकलंय. हे भूत काय म्हणालं? वायच टेक. चार महिन्यांत हेमांगीला सगळ्यांनी सगळं सांगितलं होतं. असं पाज, तसं धर, हे खा, ते वाच. 'तू जरा टेक' असं कोणीच म्हणालं नव्हतं. नवऱ्यानं नाही, सासूनं नाही, आणि या घरातही नाही.

तिनं पोर दिली.

दिली! आपल्या हातानं. आणि वर काय म्हणाली, ठाऊक आहे? "थँक यू, आजी." भुताला थँक यू! नंतर सांगताना हे आठवून ती हसली आणि हसता हसता रडली.

येसायनं पोर झोळीत घातली, दोरी अंगठ्याला बांधली. हेमांगीनं साखळीला डोकं टेकलं. आणि तिला झोप लागली. कशी झोप! तिला बोलताही येईना त्या झोपेबद्दल. लहानपणी जत्रेतून परत येताना बापाच्या खांद्यावर लागायची तशी. घर आलं की कोणीतरी आत नेऊन ठेवणार आहे, ही खात्री असलेली झोप.

जाग आली ती पाय गार पडले म्हणून.

खाली बघते तर पाणी. घोट्यापर्यंत. कठडा दिसेना. रेडिओ बंद. दिवा मिणमिणता. झाडं मात्र वाढली होती. चार होती त्यांची चाळीस झाली होती, आणि प्रत्येकाला झोळ्या. इकडे झोळ्या, तिकडे झोळ्या, पाण्यावर लोंबणाऱ्या झोळ्या. हलतायत. आणि आवाज नाही. एवढी पोरं आणि चकार शब्द नाही. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

"आजी, माझी मुलगी द्या. उशीर झाला."

येसाय हसली. "कुठलं गो तुझं?"

आणि तेवढ्यात घंटा. टण्ण. एक.

हेमांगी पहिल्या झोळीपाशी धावली. कापड बाजूला केलं. पिवळं टोपडं! मिटलेले डोळे! तीच! उचलणार, तर बाजूच्या झोळीतूनही पिवळं टोपडं डोकावतंय. ती उघडली. तीच! तिसरी. तीच! तेच नाक, तीच हनुवटी, तीच बंद मूठ. सगळ्या झोळ्यांत तिचीच मुलगी, आणि सगळ्या शांत झोपलेल्या.

टण्ण. दोन. पाणी पोटऱ्यांना.

"आजी, माझी... माझी शहाणी मुलगी. गुणी आहे हो ती. सोन्यासारखी."

येसायनं हात मागे घेतला.

"गुनी? हितं समदीच गुनी हायत. बघ, येक तरी रडतं का? शहानी पोरं देवाची गो. नीट सांग."

टण्ण. तीन.

हिनं फोन काढला. अहो, काय करेल बिचारी! फोनमध्ये हजार फोटो. म्हातारीपुढे धरले. "ही बघा. ही माझी." एक फोटो, दुसरा, दहावा. सगळ्यांत हसरी, नाहीतर झोपलेली. सगळ्यांना पाठवलेले, सगळ्यांनी छान छान म्हटलेले. रडताना फोटो कोण काढतं? आणि काढला तर कोणाला दाखवतं?

येसायनं फोटो बघितले. निरखून बघितले. "ही बी गुनीच हाय."

चार. पाच. पाणी गुडघ्यांवर. फोन हातातून सुटला तो गेला. झोळ्या आता पाण्याला टेकल्या होत्या. आणि एकेक दोरी सुटत होती. आपोआप. झोळी पाण्यावर तरंगायची, जराशी गोल फिरायची आणि अंधारात निघून जायची. एक गेली. दुसरी गेली. यातली आपली कुठली? गेली ती की राहिली ती?

टण्ण. सहा.

आणि तेव्हा हेमांगी ओरडली. जे ओरडली ते तिनं कधी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आईला नव्हतं, आरशालाही नव्हतं.

"रडकी आहे ती! रडकी आहे! दिवसरात्र रडते! चार महिने मला सलग दोन तास झोपू दिलं नाही. दूध पिते आणि माझ्याच अंगावर ओकते. खाली ठेवलं की रडते, उचललं की रडते. मला कळत नाही तिला काय हवंय! मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसते, तिचा आवाज येऊ नये म्हणून. एकदा वाटलं, नसतीच झाली तर बरं होतं. असं वाटलं मला! अशी आई आहे मी. आणि ती अशी आहे. रडकी. माझी आहे ती. द्या मला!"

सगळं स्तब्ध. लाटही थांबली म्हणे.

आणि लांबच्या झोळीतून, अगदी टोकाच्या, दोरी सुटत आलेल्या झोळीतून आवाज आला. आधी उचकी. मग नाकातून एक कुरकुर. आणि मग असं भोकाड, असं भोकाड, की चाळीस झाडं हादरली!

हेमांगी पाण्यातून धावली. पडली, उठली, खारं पाणी नाकातोंडात. झोळीत हात घातला. ओलं दुपटं, ताठ झालेले पाय, लालबुंद तोंड. ओढून छातीशी धरली.

येसाय मागून हसली. तीच जुनी खदखद. "हां! हे आयचं. ने गो ने."

टण्ण. सात.

आणि काळोख.

आता इथून पुढचं मला डोळ्यांनी माहीत आहे. साडेसात झाले, ही येईना. मी दिगूला म्हटलं, सडकेवर बघून ये. हा बॅटरी घेऊन सडकेला गेला. कोणी नाही. परत फिरणार एवढ्यात याला रडणं ऐकू आलं. खालून. समुद्राकडून.

सांग रे दिगू.

"काय सांगायचं? पोर रडत होतं. जोरात. त्या आवाजावर उतरलो, दुसरं काही दिसतच नव्हतं. अवसेचं उधाण. बघतो तर ही पुढच्या कातळावर मांडीभर पाण्यात उभी, पोर डोक्यावर धरलेलं. आणि तोंड समुद्राकडे."

तोंड समुद्राकडे! परत फिरतोय असं समजून ती आत चालली होती. अजून चार पावलं आणि खाडीचं तोंड, दोन पुरुष खोल. याने हाक मारली तेव्हा वळली. पोर गप्प असतं तर याला सापडली नसती. झोपलेलं पोर असतं तर आज ही गोष्ट मी वेगळी सांगितली असती, किंवा सांगितलीच नसती.

"आणि बाग?" असं मी याला विचारलं. काय म्हणालास?

"बाग कसली? हत्तीचं मस्तक होतं, वाळूत निम्मं गाडलेलं. एका कानाचं."

घरी आणली. चुलीपुढे बसवली. कोंडा गरम करून पाय शेकले. पोरगीला कोरडी करायला घेतली मी. अंगडं काढलं, टोपडं काढलं, पाय पुसायला घेतले. आणि हात थांबला माझा. डाव्या तळपायाला तीट. काळी, ओली, बोटाएवढी. समुद्राच्या पाण्यातून आलेली पोर, आणि काजळ जरासुद्धा फिसकटलेलं नाही!

मी हेमांगीकडे पाहिलं. हेमांगीनं माझ्याकडे.

"मी नाही लावली, आत्या."

"माहितीय गो."

आता ते राहिलेलं. आमच्या वेळी पोरं अशी रडत नसत, असं कोण म्हणालं?

मी म्हणाले.

मीच. आणि खोटं म्हणाले. माझा थोरला सहा महिने रात्ररात्र रडायचा. मी त्याला घेऊन गोठ्यात जाऊन बसायची, सासूची झोप मोडू नये म्हणून. एकदा त्याला गव्हाणीत गवतावर ठेवून अंगणाच्या टोकापर्यंत चालत गेले होते. परत आले. पण गेले होते. हे मी कोणाला सांगितलं नाही. त्या रात्री हेमांगीला सांगितलं. पस्तीस वर्षं पोटात ठेवलेलं, चुलीपुढे सांगितलं. आणि पोरगी तिच्याकडून घेतली. रात्रभर माझ्या मांडीवर रडली ती, एकदाही गप्प झाली नाही. आणि हेमांगी अकरा तास झोपली. सकाळी उठून विचारते कशी, "आत्या, फार रडली का?" मी म्हटलं, "फार. कान किटले." तर हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा खरं उत्तर मिळालं, म्हणाली.

नवऱ्याला फोन लावला तो माझ्याच फोनवरून. "ऐक," म्हणाली, "मी खोटं सांगत होते." पुढचं मी ऐकलं नाही, आत गेले.

तर ऐका. खालच्या वाटेनं जाऊ नका. दिवसा खेकड्यांना जायचं तर जा, पण दिवे लागले की नाही. अवसेला तर नाहीच. आणि कडेवर पोर असेल तर मुळीच नाही, रेडिओ ऐकू आला तरी नाही, हत्तीला दोन कान दिसले तरी नाही. दिसले तर जास्तच नाही! बाग होती, गेली. तिची आठवण घरात बसून काढा. येसाय वाईट नाही. पण ती बिचारी अजून सांभाळतेय, आणि तिला एकच रीत ठाऊक आहे.

झाली गोष्ट. दिगू, त्या टोपलीला हात लाव, नुसता ऐकत बसलास.

आणि सुचेता, तू इकडे ये. अशी लांब खांबाला टेकून काय बसलीस? कालपासून बघतेय, डोळ्यांखाली काळं झालंय तुझ्या. विचारलं की म्हणतेस, छान चाललंय काकू. कुठलं गो तुझं पोर? सांग बघू. इथे सगळी आपलीच माणसं आहेत. लाजू नकोस.

"ते... रात्रभर जागवणारं, काकू. खाली ठेवू न देणारं. मला फार..."

हां. आण ते इकडे. रडू दे त्याला. जा, वायच टेक. सुपारीचं आम्ही बघतो.